सम्राटाच्या तोफांना हळदकुंकू

कागदावर पाणी सांडलं की लोक रडत माझ्याकडे येतात, आणि मी तोच कागद घेऊन सरळ पाण्यात बुडवते. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच कागद काखोटीला मारून निघून जातात. जी राहतात त्यांना मी सांगते, अहो, जुना कागद चिंध्या कुटून केलेला असतो, त्याला पाण्याचं भय नाही. छपाईची शाई तेलातली, ती जागची हलत नाही. धुतल्यावर आतला आंबटपणा निघून जातो आणि कागदाला तरतरी येते. तुम्हाला नाही का आंघोळ केल्यावर येत, तशीच. या कामाला इथे पेपर कॉन्झर्व्हेशन म्हणतात. मी मिरजेला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, इकडे कॅनडात आल्यावर हे शिकले, काही वर्षं एका संग्रहालयात नोकरी केली आणि मग साहेबाच्या तोंडाला कंटाळून ब्रॅम्पटनला स्वतःचं दुकान टाकलं. एका बाजूला ट्रक ड्रायव्हिंग स्कूल, दुसऱ्या बाजूला विंटर टायर्स, मधे मी.

अशा ठिकाणी काय काय येतं म्हणून सांगू. एका गृहस्थांनी मुलीची पत्रिका लॅमिनेट करून ठेवली होती. लग्न जमेना, तेव्हा कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की मंगळ प्लास्टिकमध्ये अडकलाय. तो मोकळा करायला ते माझ्याकडे आले. मी मंगळासकट सगळे ग्रह सुखरूप बाहेर काढून दिले. एकाने डिग्रीच्या सर्टिफिकेटला इस्त्री केली होती, वरून स्टार्चही मारला होता. सर्टिफिकेट इतकं कडक झालं होतं की टेबलावर उभं राहायचं. शेजारचे टायरवाले सरदारजी मला 'कागज़ों की डॉक्टरनी' म्हणतात आणि स्वतःच्या दुकानातली कळकट कॅलेंडरं आणून तपासायला ठेवतात. तर अशी माझी प्रॅक्टिस.

पण मंडळाच्या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिही म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती दळव्यांकडची मिरवणूक. कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या वर्षीची गोष्ट.

डॉ. सुधाकर दळवी रिचमंड हिलला राहायचे. भूलतज्ज्ञ. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी ऑपरेशन टेबलावर झोपवलं होतं आणि उरलेल्यांना मंडळाच्या व्याख्यानांत. माणूस हुशार, रुबाबदार आणि हुकूम सोडायची सवय असलेला. आता ज्यांच्यावर हुकूम चालवायचा ती माणसं आयुष्यभर बेशुद्ध होती, त्यामुळे उलट उत्तराची त्यांना सवयच नव्हती. घरी मात्र शैलाताई होत्या, पूर्ण शुद्धीवर. रिटायर झाल्यावर डॉक्टरांना एक नाद लागला. युरोपातल्या जुन्या छापील चित्रांचा, त्यातही लढाया आणि विजयांच्या. मॉन्ट्रियलच्या एका लिलावातून त्यांनी एक अख्खा संच उचलून आणला, शंभरावर पानांचा, आणि बेसमेंटमधल्या पिंगपाँगच्या टेबलावर मांडला. त्या टेबलावर त्यानंतर पिंगपाँग झालं नाही.

हा संच म्हणजे काय प्रकार आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचा गोंधळ समजणार नाही. पाचशे वर्षांपूर्वी जर्मन मुलखात एक सम्राट होऊन गेला. लढाया रग्गड केल्या, जिंकल्या जेमतेम. पण रोमन सेनापती जिंकून आले की शहरातून मिरवत जायचे, तशी आपलीही मिरवणूक निघावी ही त्याची भारी हौस. खरी काढायची तर घोडे हवेत, रथ हवेत, हजारो माणसं पोसायला हवीत. ते काही जमण्यातलं नव्हतं. मग या बहाद्दराने देशातले उत्तम चित्रकार धरले आणि ती मिरवणूक लाकडावर कोरून घेतली. एकेका लाकडी ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई फासायची, ओला कागद दाबायचा की झालं एक पान. अशी सगळी पानं ओळीने चिकटवली की भिंतीवरून मिरवणूक चालू लागते. ती गावोगावच्या कचेऱ्यांत लावायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, अरे, राजा खरंच काय जिंकून आलाय. रस्त्यावर जी कधी निघालीच नाही त्या मिरवणुकीचा एवढा थाट.

आणि थाट म्हणजे काय. पुढे तुताऱ्या आणि ढोल. मग मोठमोठ्या गाड्या, त्यांना घोडे नाहीत, आत माणसं बसून चाकं फिरवताहेत, आणि प्रत्येक गाडीवर एकेक लढाई चित्रात उभी केलेली. लुटलेली चिलखतं काठ्यांवर टांगलेली. बेड्या घातलेले कैदी. भालेकरी, तोफा, शेवटी स्वयंपाक्यांच्या कढयांसकट सगळा बाजारबुणगा. मधेच एक हत्ती येतो. त्याच्या मागेपुढे जी माणसं आहेत ती म्हणे कालिकतची. सम्राट आयुष्यात कधी कालिकतच्या वाटेलाही गेला नव्हता, चित्रकारही नव्हता, म्हणून आपल्या लोकांना त्याने पिसांचे घागरे घातलेत. हे चित्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा शैलाताईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या शेजारी नायर राहतात, त्यांना दाखवू नका." सगळं छापून पुरं व्हायच्या आत सम्राट वारला. त्याच्या कीर्तीच्या कविता ज्या पाट्यांवर यायच्या होत्या त्या तशाच कोऱ्या राहिल्या.

डॉक्टरांचा संच सम्राटाच्या वेळचा नव्हता. लाकूड तेच, पण पुष्कळ नंतर पुन्हा काढलेले छाप. हे कसं कळतं, तर लाकडाला मधल्या काळात किडे लागतात. जिथे किड्याने भोक पाडलं तिथे शाई लागत नाही आणि छापात पांढरा ठिपका येतो. सम्राटाचे सरदार देवी आल्यासारखे ठिपकेदार दिसत होते. तरीही संच सुरेख होता आणि पुरा होता. मी वर्षातून दोनदा जाऊन तो तपासायची, नव्या कव्हरांत घालायची, डॉक्टरांचं व्याख्यान ऐकायची आणि शैलाताईंच्या हातचं थालीपीठ खाऊन यायची.

मग दोघांनी घर विकायचं ठरवलं. लेक पार पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला, तिच्या जवळ कॉन्डो घेतला. कॉन्डो म्हणजे आपल्याला माहीतच आहे, बाल्कनीत उभं राहिलं तर स्वयंपाकघरात जागा होते. शैलाताईंनी जाहीर केलं की चित्रांचं एकही खोकं तिकडे येणार नाही. डॉक्टरांचा जीव खालीवर व्हायला लागला. विकावं तर व्यापारी पानंपानं सुटी करून विकतो, हत्ती कॅलगरीला, ढोलकरी हॅलिफॅक्सला. "मिरवणूक तोडायची नाही," ते मला परत परत सांगायचे. "नंदा, माझ्या नावाची पाटी नसली तरी चालेल. पण सगळी पानं एका छपराखाली राहिली पाहिजेत." पाटी नसली तरी चालेल हे खरं नव्हतं, पण बाकीचं अगदी पोटातून होतं. शेवटी एका विद्यापीठाच्या म्युझियमने उत्सुकता दाखवली. त्यांची क्युरेटर, क्लेअर नावाची, संच बघायला येणार असं ठरलं. डॉक्टरांनी कुलूपबंद कपाटं उघडली, खोकी टेबलावर काढून ठेवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन पानं नुसत्या नजरेने पुसायला लागले.

आणि त्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन. "नंदा, ताबडतोब निघून ये. घात झाला."

मला वाटलं बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. पोचले तर डॉक्टर पांढरे हातमोजे घालून जिन्याच्या तळाशी उभे, चेहरा ऑपरेशन फसल्यासारखा. वर शैलाताई निवांत भोपळी मिरची चिरताहेत. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी खाली गेले आणि टेबलावरच्या पानांवर वाकले. प्रत्येक पानावर हळदीचं बोट होतं, आणि हळदीवर कुंकू.

तोफेच्या तोंडाला हळदकुंकू. भाल्यांच्या टोकांना हळदकुंकू. घोड्यांच्या कपाळाला, ढोलाला, तुतारीला, कढईला, हत्तीच्या गंडस्थळाला. बोट कुठेही घसरलेलं नाही, ओघळलेलं नाही. काम इतकं नीटस होतं की मला क्षणभर कौतुकच वाटलं. मी वर गेले.

"शैलाताई, हे काय केलंत?"

"काल खंडेनवमी नव्हती का?" त्या म्हणाल्या. "शस्त्रांची पूजा करतात, अवजारांची करतात. मी शोव्हलला लावलं, स्नो ब्लोअरला लावलं, फर्नेसला लावलं, गाडीला लावलं, यांच्या स्टेथोस्कोपला लावलं. मग मनात आलं, घरात खरी शस्त्रं आहेत ती खालीच. दरवर्षी हे कुलूप घालून ठेवतात. यंदा उघडं होतं."

"पण प्रत्येक पानाला?"

"एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसतं का?"

"राजाला पण लावलंत?"

"राजाला कशाला? राजा काय काम करतो? त्याच्या रथाच्या चाकाला लावलं."

खालून डॉक्टरांचा आवाज आला, "नंदा, तिला म्हणावं पाचशे वर्षांत कुठल्या शत्रूला जे जमलं नाही ते तिने एका दुपारी केलं."

"यांना सांग, चहा झालाय," शैलाताई म्हणाल्या.

आता धंद्याचं बोलते. हळद म्हणजे माझ्या कामात राक्षस. कागदात शिरली की पाण्याने सहजी निघत नाही. त्यात आम्ही नेहमी धुवायच्या पाण्यात जरा चुन्याचा अंश घालतो, कागदातला आंबटपणा मारायला. हळदीला चुना लागला की काय होतं हे कुंकू करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गोऱ्या सहकाऱ्याच्या हातात हे काम पडलं असतं तर सगळी मिरवणूक लालभडक होऊन बाहेर आली असती. पण हळदीचं एक मर्म आहे, तिला ऊन सोसत नाही. पांढऱ्या शर्टावर हळद सांडली तर आई तो उन्हात टाकायची आणि संध्याकाळपर्यंत डाग गायब व्हायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साध्या पाण्यात पान बुडवून वरून ऊन द्यायचं, एवढंच करायचं होतं. कुंकू बाजारी असतं तर मी हात टेकले असते, त्यात रंग घालतात. पण शैलाताईंना वाईच्या वहिनी घरी केलेलं पाठवायच्या, तेही हळदीचंच. बरंचसं ब्रशने झटकलं गेलं, उरलेलं उन्हावर सोडायचं ठरवलं.

सप्टेंबर संपत आला होता तरी उन्हाला धग होती. एवढी मोठी पानं मावतील असे ट्रे कुठून आणायचे? हिवाळ्यात दारात बूट ठेवायला आपण ते काळे ट्रे घेतो ना, ते मी तीन दुकानांतून होते नव्हते तेवढे उचलून आणले. आणि दळव्यांच्या डेकवर, पाण्याने भरलेल्या बूट-ट्रेमध्ये, सम्राटाची मिरवणूक वाळवणासारखी पसरली. संग्रहालयातल्या माझ्या जुन्या साहेबांनी ते पाहिलं असतं तर जागच्या जागी राजीनामा दिला असता. तिकडे आम्ही दिव्याचा उजेड मोजून चित्रं लावायचो आणि इथे मी घोडदळाला उताणं पाडून सूर्याकडे तोंड करून ठेवलं होतं.

राखणीचं काम दोघांकडे होतं. डॉक्टर खारींना हाकलायचे, शैलाताई पानं पडली की ती वेचायच्या, झाडाची. बोलणं सगळं माझ्यामार्फत. "नंदा, तिला सांग भालेकऱ्यांवर सावली येतेय." "नंदा, यांना सांग टोपी घाला, सम्राटाआधी तुम्हीच वाळाल." डोळ्यांसमोर बोटं फिकी होत जायची, दुपार कलेपर्यंत तोफ पुन्हा नुसती तोफ व्हायची. पलीकडचे इराणी आजोबा कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत उभे होते. त्यांना वाटलं म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं भिजली आणि वर ऊन लागतंय. आम्ही जेवायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर त्यांनी आपली पॅटिओवरची भली मोठी छत्री आणून कैद्यांवर उघडून ठेवली होती. इतका भला माणूस, त्याला ती परत न्यायला कोणत्या तोंडाने सांगणार? कैदी मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात ठेवावे लागले.

असं एकेक पान सुटत गेलं. अगदी तीन पानं उरली आणि आभाळ भरून आलं. त्यात क्लेअरची ईमेल, की ती ठरल्यापेक्षा लवकर येतेय, चालेल ना? डॉक्टरांनी कळवून टाकलं चालेल म्हणून. ती तीन पानं मी एका फोल्डरमध्ये घालून कपडे वाळवायच्या ड्रायरच्या मागे ठेवली. हत्तीचं, एका तोफेचं आणि सम्राटाच्या रथाचं.

क्लेअर आली. उंच, गोड बोलणारी, गळ्यात बाटलीच्या बुचांची माळ. तिने हात धुतले, एकेक पान उचलून पाहिलं, किड्यांच्या भोकांकडे बघून मान डोलावली. डॉक्टर तिच्या मागे हात बांधून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभे असल्यासारखे. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, इट्स अ ब्युटिफुल सेट. खरंच." आणि थांबली. इंग्रजीत कुणी 'खरंच' म्हणून थांबलं की पुढे नाही येणार हे एवढ्या वर्षांत मला कळायला लागलंय. तिने सांगितलं की याच छपाईचा एक पूर्ण संच जवळच्याच दुसऱ्या संस्थेकडे आहे, आणि दुसरा घ्यायला तिची कमिटी तयार होणार नाही. डॉक्टरांनी टेबलाची कड धरली आणि हळूच खुर्चीत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

इतक्यात शैलाताई चहाचा ट्रे घेऊन जिना उतरल्या. "ती तीन पण दाखवा की तिला," त्या म्हणाल्या. "मला विचाराल तर तीच बरी दिसतात." आणि कुणी अडवायच्या आत ड्रायरच्या मागून फोल्डर काढून त्यांनी टेबलावर उघडला.

क्लेअरने हत्तीचं पान पाहिलं. कालिकतच्या पिसांच्या घागऱ्यातल्या मंडळींच्या मधोमध उभा असलेला हत्ती, कपाळावर ठसठशीत पिवळं बोट आणि त्यावर कुंकू. ती खाली वाकली. मग जिन्यापाशीच्या बुटांच्या बाकड्यावर बसली.

"हू डिड धिस?"

"मी," शैलाताई म्हणाल्या. "आय डिड. पूजा."

त्या वर्षी कॅनडातल्या प्रत्येक म्युझियमला वरून सांगणं होतं की आपल्या संग्रहात सगळ्या लोकांचे आवाज आले पाहिजेत. बिचाऱ्या क्युरेटर बायका आवाज शोधत गावोगाव हिंडत होत्या. आणि इथे एका युरोपियन सम्राटाने कधी न जिंकलेल्या हिंदुस्थानाची मिरवणूक काढली होती, आणि पाचशे वर्षांनी रिचमंड हिलमध्ये त्याच हिंदुस्थानातल्या बाईने त्याच्या फौजेला हळदकुंकू लावून राजाला मात्र वगळलं होतं. क्लेअरच्या डोळ्यांत पाणी आलं. असलं जगात कुठल्या म्युझियमकडे नाही, ती म्हणाली. मग तिने विचारलं, ही तीनच आहेत का?

"नाही, सगळ्याच पानांना लावलं होतं," मी म्हणाले. "मी काढलं." आणि एवढ्यावर थांबायचं सोडून वर अभिमानाने म्हणाले, "नॉट अ ट्रेस."

ती पुन्हा टेबलाकडे गेली आणि स्वच्छ पानं एकेक करून बघायला लागली, मयताला आल्यासारखी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम, त्याच्यावर कुणी सुतक धरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. निकाल असा निघाला की तीन पानं घ्यायला ती आनंदाने तयार होती. बाकीची, सॉरी.

"मिरवणूक तोडायची नाही," डॉक्टर म्हणाले. आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते थेट बायकोशी बोलले. "शैला, घरात हळद आहे ना?"

क्लेअर घाईघाईने म्हणाली, नो, नो, आमच्यासाठी म्हणून लावलीत तर ती नक्कल होईल, ती आम्हाला घेता येणार नाही. ती पूजा असायला हवी. हे तिला शैलाताईंना समजावून सांगायची गरज पडली नाही.

"खंडेनवमी झाली," शैलाताई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी," डॉक्टर म्हणाले. "आपण सगळा संच कॉन्डोवर नेऊ. पुढच्या वर्षी तू पूजा कर, मग देऊ. क्लेअर, चालेल?"

क्लेअर म्हणाली, कमिटी थांबेल. शैलाताई मात्र चहात साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "जे घरात राबतं त्याची पूजा असते. दुसऱ्याला द्यायला बांधून ठेवलं की तो माल. मालाची पूजा मी करत नाही."

"पण यंदा केलीस ना? यंदाही द्यायचीच होती."

शैलाताईंनी कप खाली ठेवला. "रिटायर झाल्यावर तुम्ही काय करत होता आठवतंय? सकाळी शर्ट-टाय घालून गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायचात. गाडी सुरू करायची नाही, कुठे जायचं नाही. जेवायला हाक मारली की आत यायचात. मी कुणाला सांगितलं नाही. मग ही कागदं आली आणि तुम्ही बेसमेंटमध्ये यायला लागलात. या शिपायांनी तुम्हाला त्या गॅरेजमधून ओढून घरात आणलं. परवापर्यंत तुम्ही रोज त्यांच्यापाशी येऊन बसत होतात. ती राबत होती म्हणून लावलं. त्यांचे आभार मानायचे नाहीत का?"

क्लेअरने माझ्याकडे बघितलं, भाषांतरासाठी. मी तिला म्हणाले, नंतर सांगते. डॉक्टर हातातल्या मोज्याची बोटं एकेक करून ओढत होते, मोजा काही निघत नव्हता.

तर कोंडी अशी झाली. म्युझियमला संच द्यायचा तर त्याला हळद हवी. हळद हवी तर पूजा हवी. पूजा हवी तर संच द्यायचा विचार सोडायला हवा. भल्याभल्या वकिलांना सुटली नसती. डॉक्टरांनी तीन पानं द्यायला नकार दिला आणि सगळी खोकी कोक्विटलामला नेली. एकही खोकं येणार नाही म्हणणाऱ्या शैलाताईंना आता बोलायची सोय उरली नव्हती, त्यांनी आपलं डिनर सेटचं कपाट मंडळाला देऊन टाकलं आणि त्या जागी खोकी रचली. लेक फोनवर मला म्हणाली, "नंदा मावशी, देअर्स अ वॉर इन माय पेरेंट्स' डायनिंग रूम."

त्या वर्षभरात डॉक्टर मला अधूनमधून फोन करायचे आणि कुजबुजत बोलायचे. त्यांचा बेत साधा होता. शैला विचारेल, हा माल आहे की कामाची चीज आहे. आपण म्हणायचं, कामाची. तिने हळद लावली की संध्याकाळी क्लेअरला फोन. "बायकोशी खोटं बोलायचं, एवढंच ना," ते म्हणायचे. "पेशंटशी त्याच्या भल्यासाठी बोलतातच की." मला ते अजिबात आवडलं नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. पण पानं वेगवेगळ्या गावांत जाणार हेही मला नको होतं, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. क्लेअर दर दोन-तीन महिन्यांनी मला ईमेल करायची, शैलाताईंची तब्येत कशी आहे. ती बिचारी तब्येतीपलीकडे काही विचारू शकत नव्हती.

खंडेनवमी आली. दिवसभर मी दुकानात कुणाच्या तरी फाटक्या पासपोर्टाला कागद डकवत होते, पण लक्ष फोनकडे होतं. इथे संध्याकाळ झाली, म्हणजे तिकडे दुपार. क्लेअरची ईमेल येऊन पडली होती, सणाच्या शुभेच्छा म्हणून. मग डॉक्टरांचा फोन आला.

"विचारलंन," ते म्हणाले. "मिक्सरला लावलं, राइस कुकरला लावलं, गाडीच्या किल्लीला लावलं, आणि हातात करंडा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ही अजून कामाची आहेत, की माल?"

"मग?"

"मी म्हणालो, कामाची आहेत. जसं पाठ केलं होतं तसंच म्हणालो." मागे भांड्याचा आवाज येत होता. "नंदा, वर्षभर मी खोटं बोलायची तयारी करत होतो. बोलायला गेलो तर खरंच निघालं. क्लेअरला तू कळव. मिळणार नाहीत म्हणावं."

मी म्हणाले कळवते. मला आनंद झाला होता आणि हसूही येत होतं. माझ्याच्याने दोन्ही लपवेना.

"एक सांग," ते म्हणाले. "दरवर्षी असं लावलं तर कागदाला काही होत नाही ना?"

होतं. या प्रश्नाचं माझ्या धंद्यातलं उत्तर मला पाठ आहे, ते मी इतकी वर्षं लोकांना दरडावून सांगत आले. मी म्हणाले, "उन्हात ठेवू नका म्हणजे झालं."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "शैला म्हणते, तुमची कामाची आहेत तर तुम्हीच लावा, माझे पाय दुखतात. अजून निम्मी राहिलीत. फोन ठेवतो, हात हळदीचे आहेत."